सगळे ब्लॅक अँड व्हाईटच्या मागे होते, तेव्हा रघुबीर सिंग यांनी भारत रंगीत दाखवला

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस-तीस वर्षांतला भारत आठवून बघा. डोळ्यासमोर येतात ते फोटो ब्लॅक अँड व्हाईट असतात. आता तेव्हा काही साड्या राखाडी नव्हत्या आणि गुलालही काळा नव्हता. पण फोटोग्राफीच्या जगात एक अलिखित नियम होता. गंभीर, कलात्मक काम करायचं तर ते कृष्णधवलच. रंगीत फोटो जाहिरातीत आणि कॅलेंडरवर शोभतात.

हा नियम झुगारला तो रघुबीर सिंग यांनी. (रघु राय वेगळे, नावांची गल्लत नेहमी होते.)

१९४२ साली जयपूरच्या एका सरदार राजपूत घराण्यात त्यांचा जन्म झाला. स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन झाली आणि घरचं वैभव ओसरलं. दिल्लीच्या हिंदू कॉलेजचं शिक्षण अर्धवट सोडून ते चहाच्या धंद्यात नशीब काढायला कलकत्त्याला गेले. तिथे काही जमलं नाही. मग कॅमेराच पोटापाण्याचं साधन झाला. या कलकत्त्यातच त्यांची सत्यजित राय यांच्याशी ओळख झाली. पुढे राय यांनी त्यांच्या राजस्थानवरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली.

फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं जयपूरवरचं पुस्तक रघुबीर यांनी शाळकरी वयातच पाहिलं होतं. १९६६ साली खुद्द ब्रेसाँ जयपुरात आले, तेव्हा त्यांना काम करताना जवळून बघायला मिळालं. छोटा कॅमेरा घेऊन गर्दीत शिरायचं, नेमका क्षण टिपायचा, हे सगळं त्यांनी उचललं. गुरूचा काळा-पांढरा रंग तेवढा घेतला नाही.

कारण त्यांचं म्हणणं साधं होतं. पाश्चात्त्य कृष्णधवल फोटोग्राफीत एकटेपणा, अपराधभाव आणि मृत्यूची सावली आहे. ती त्यांच्या इतिहासातून आली. राजपूत आणि मुघल लघुचित्रं बघत वाढलेल्या माणसाला जग रंगाशिवाय दिसणारच कसं?

म्हणणं सोपं, करणं महाग. आयातीवर निर्बंध होते, चांगली रंगीत फिल्म भारतात मिळणं कठीण होतं. नॅशनल जिओग्राफिकसारख्या परदेशी नियतकालिकांच्या कामामुळे ती त्यांच्या हाती पडायची. भारताचे फोटो काढणारा हा माणूस राहिला मात्र हाँगकाँग, पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये. गंमत आहे, पण ही अडचण लक्षात घेतली तर फार नवल वाटत नाही.

१९६७ सालचा त्यांचा एक फोटो आजही सगळ्यात जास्त पाहिला जातो. बिहारमधलं मुंगेर, धो धो पाऊस आणि एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या बायका, साड्या चिंब भिजलेल्या. यातले रंग काढून टाकले तर उरतं ते फक्त बायकांचं हाल सोसणं. रंगात तोच पाऊस दिलासाही वाटतो.

१९७४ साली गंगेवरचं पुस्तक आलं. मग राजस्थान, काश्मीर, केरळ, बनारस, तमिळनाडू, ग्रँड ट्रंक रोड. १९८३ साली पद्मश्री मिळाली. १९९४ साली मुंबईवरचं पुस्तक आलं. झवेरी बाजारातल्या काचा, आरसे, त्यात उमटलेली गर्दी, चौपाटीवरचं गणपती विसर्जन. एकाच चौकटीत चार गोष्टी घडत असतात आणि त्यातला हिरो कोण ते सांगता येत नाही. प्रत्येक जण आपापल्या कामात. त्यांचं खरं वेगळेपण हेच.

१८ एप्रिल १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय ५६.

२०१७ साली न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. तेव्हा एका महिला कलाकाराने त्यांच्यावर नव्वदच्या दशकातल्या लैंगिक अत्याचाराचा आरोप केला आणि म्युझियमबाहेर निदर्शनं झाली. आरोपाला उत्तर द्यायला ते हयात नव्हते. पण आता त्यांच्याबद्दल लिहिताना हा भाग गाळता येत नाही.

त्यांचं एक पुस्तक मृत्यूनंतर, २००२ साली आलं. त्यात देशभर फिरताना टिपलेली अॅम्बेसेडर गाडी आहे. कधी तिच्या खिडकीतून दिसणारा रस्ता, कधी आरशात मागे पडणारं गाव. मंत्र्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांची ही गाडी २०१४ साली बनायची थांबली.