नाट्याचार्य गोविंद बल्लाळ देवल

सांगलीनजीकच्या हरिपूरचे देवल (१८५५–१९१६) बालाघाटच्या वाचकांस परिचित आहेत ते ‘शारदे’मुळे. त्यांच्या ‘झुंझाररावा’कडे मात्र दुर्लक्षच होते. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे महादेवशास्त्री कोल्हटकरकृत भाषांतर १८६७ मध्येच झाले होते. देवलांनी १८९० मध्ये त्या कथेस मराठी पेहराव चढविला, आणि जाधवरावाच्या कपटापायी निरपराध कमळजेचा पतीहस्ते झालेला घात प्रेक्षकांस आपल्या घरचा वाटू लागला. नायकाची भूमिका गणपतराव जोशी यांनी गाजविली.

नवल असे की, याच लेखणीने तोच मत्सर ‘संशयकल्लोळा’त हास्यास्पद केला. शेक्सपिअरकडे रुमाल, येथे तसबीर. पण फाल्गुनरावाच्या कानाशी कोणी जाधवराव नाही, म्हणूनच कृत्तिका वाचते! १९१६ च्या जूनमध्ये देवल निवर्तले. गंधर्व नाटक मंडळीने ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणले ते त्यानंतर.