खैरागडचे कुलगुरू रातंजनकर

रायपूर : छत्तीसगडमधील खैरागडच्या राजवाड्यात १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी मुंबईत जन्मलेले, भातखंडे यांचे शिष्य पंडित श्रीकृष्ण रातंजनकर तेथे कुलगुरू झाले. त्याच वर्षी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. चित्रपटगीते दूर ठेवल्याने तिचे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले होते. आकाशवाणीच्या कलाकार-चाचणी मंडळाचे प्रमुख या नात्याने रातंजनकरांनी नामवंत गायकांचा रोष ओढवून घेतला होता. ती कठोरता कदाचित अनाठायीही होती. श्रोत्यांची अभिरुची चाचण्यांना बधली नाही. लखनौत त्यांच्या हाताखाली घडलेले के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट आणि दिनकर कायकिणी मात्र १९७४ मध्ये गुरूंचे निधन झाल्यानंतरही त्यांच्या बंदिशी गात, शिकवत राहिले.