ल्यूथर बरबँक : संकर बेरी घडवणारा माळी

लातूर-नांदेडच्या परसबागेत ब्लॅकबेरीचे संकर रोप लावायचा विचार करताय? मग रोप मागवण्यापूर्वी ल्यूथर बरबँक यांची ओळख करून घ्या. परमहंस योगानंदांनी ‘योगी कथामृत’ हे पुस्तक त्यांनाच अर्पण केले आहे.

बरबँक यांचा जन्म 7 मार्च 1849 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. डार्विनच्या पुस्तकांनी त्यांना दिशा दिली. बटाट्याच्या एकाच फळातील 23 बियांपासून रोपे करून त्यांनी नवे वाण निवडले. त्याचे हक्क 150 डॉलरला विकून 1875 मध्ये ते कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे स्थायिक झाले.

तिथे त्यांनी ब्लॅकबेरी व रास्पबेरीचा संकर करून ‘प्रायमस’सारखी वाणे दिली. त्यांचे खरे बळ निवडीत होते. हजारो संकर रोपे फळावर येईपर्यंत वाढवायची, मोजकी ठेवायची आणि बाकीची उपटून जाळायची, ही त्यांची पद्धत. नोंदी मात्र ते नीट ठेवत नसत. त्यावरून शास्त्रज्ञ त्यांना दोष देत. 1926 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या नावावर 800 हून अधिक वाणे होती.

त्यांतली एक निवड महागात पडली. भारतातील समजून आलेल्या बियांपासून त्यांनी 1885 मध्ये ‘हिमालय जायंट’ ब्लॅकबेरी बाजारात आणली. मुळात ती पश्चिम आशियातली. फळ भरघोस, पण फांदीचे टोक जमिनीला टेकले की तिथे मुळे फुटतात आणि पक्षी बी दूरवर नेतात. आज अमेरिकेच्या वायव्य भागात तिची काटेरी जाळी नदीकाठ व्यापून आहेत. वेड्या बाभळीचा त्रास तुम्हाला ठाऊक आहेच.

यातून तुमच्यासाठी काय?

• बहुतेक संकर बेरींना फळ धरण्यासाठी हिवाळ्यात बराच काळ थंडी लागते. आपल्याकडे ती मिळत नाही आणि मे महिन्यात पारा 40 अंशांपुढे जातो. म्हणून आधी एकच रोप, मोठ्या कुंडीत, दुपारच्या सावलीत लावा.
• फांद्या तारेला बांधा; टोके मातीला टेकू देऊ नका.
• बांधावर किंवा ओढ्याकाठी लावू नका.
• लागवड, फुलोरा व फळांच्या तारखा वहीत लिहा.
• दोन-तीन वर्षांत फळ नाही आले, तर रोप काढून टाका आणि त्या जागी तुती लावा. ती आपल्या हवेत सहज फळते.