हेर्मान मिन्कोव्स्की

हेर्मान मिन्कोव्स्की (२२ जून १८६४ – १२ जानेवारी १९०९) हे जर्मन गणितज्ञ होते. त्यांचा जन्म रशियन साम्राज्यातील अलेक्सोतास येथे एका ज्यू कुटुंबात झाला. शिक्षण क्योनिग्सबर्ग येथे झाले. पाच वर्गांच्या बेरजेविषयीच्या त्यांच्या प्रबंधास १८८३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. पारितोषिक हेन्री स्मिथ यांच्यासह विभागून दिले गेले. वास्तविक स्मिथ यांनी या प्रश्नाचे उत्तर १८६७ मध्येच प्रसिद्ध केले होते; सन्मान मात्र त्यांच्या निधनानंतर जाहीर झाला.

अंतर मोजण्याची दोन वर्गरूपी सूत्रे परिमेय संख्यांच्याच साहाय्याने एकमेकांत केव्हा बदलता येतात, म्हणजेच दोन परिमेय अवकाशांमध्ये अंतर कायम राखणारे रूपांतरण केव्हा असते, हे मिन्कोव्स्की यांनी १८९० मध्ये निश्चित केले. वास्तव संख्यांच्या बाबतीत धन-ऋण चिन्हांची गणना पुरेशी ठरते. येथे प्रत्येक मूळ संख्येची स्वतंत्र कसोटी लागते. हेल्मुट हासे यांनी पुढे हा सिद्धान्त व्यापक केला. १९०८ मधील कलोन येथील व्याख्यानामुळे मिन्कोव्स्की अधिक ओळखले जातात. तथापि अवकाश-काळातील अंतर अबाधित राखणाऱ्या रूपांतरणांचा तो विचार याच अभ्यासाशी जवळचा आहे. आंत्रपुच्छाच्या विकाराने चव्वेचाळिसाव्या वर्षी ग्योटिंगेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे समग्र लेखन मित्र डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९११ मध्ये प्रकाशित केले.