मीठ पाण्यात पडते तेव्हा

दवाखान्यात खाटेशेजारी टांगलेल्या दोन बाटल्या आठवा. एक नॉर्मल सलाइनची, तिच्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ. दुसरी ग्लुकोजची, तिच्यात लिटरला ५० ग्रॅम साखर. दोन्ही रक्ताला मानवतात. त्या शिरेत सोडल्या तरी तांबड्या पेशी फुगून फुटत नाहीत आणि आक्रसतही नाहीत. पेशीतून पाणी किती आत-बाहेर होणार, हे द्रावणात विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरते. कण कशाचे आहेत याला फारसे महत्त्व नसते. पण वजनावरून हिशेब केला तर सोडियम क्लोराइडची सूत्र-एकके ग्लुकोजच्या रेणूंच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरतात. मग काम सारखे कसे?

कारण मीठ पाण्यात पडले की प्रत्येक एककाचे दोन कण होतात: धनभारित सोडियम आणि ऋणभारित क्लोराइड. ग्लुकोज मात्र अखंड राहते. आज दहावीचा विद्यार्थीही हे सांगेल. ज्याने हे प्रथम ठामपणे मांडले, त्याची पदवी यापायी जवळपास बुडाली होती.

स्वांते अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधल्या उप्सालाजवळ झाला. वडील जमीन मोजणीदार होते. मुलगा तीन वर्षांचा असतानाच स्वतःहून वाचायला शिकला, आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या पाहून आकडेमोडीतही रमला, असे सांगतात. उप्साला विद्यापीठात तो शिकला खरा, पण तिथले भौतिकी आणि रसायनाचे अध्यापन त्याला रुचले नाही. १८८१ मध्ये तो स्टॉकहोमला एरिक एडलुंड यांच्याकडे गेला आणि क्षारांच्या विरल द्रावणांतून वीज किती वाहते, हे मोजत बसला.

द्रावणातून वीज वाहते हे फॅरेडेच्या काळापासून माहीत होते, आयन हा शब्दही होता. पण समज असा, की वीज सोडल्यावर आयन तयार होतात. अऱ्हेनियस यांना मोजमापांत वेगळेच दिसले. द्रावण जितके पातळ करावे, तितका त्यातल्या क्षाराचा प्रत्येक वाटा वीज अधिक चांगली वाहून नेतो. त्यावरून त्यांनी ताडले, की विजेचा संबंध येण्याआधीच क्षाराचा काही भाग 'सक्रिय' झालेला असतो आणि पाणी वाढवले की हा भाग वाढतो. १८८४ च्या प्रबंधात त्यांनी एवढेच म्हणण्याचे धाडस केले. हे सक्रिय कण म्हणजे सुटे झालेले आयनच, हे उघडपणे लिहायला १८८७ उजाडले.

रसायनाचे प्राध्यापक पेर टेओडोर क्लेव्हे यांना ते पटण्यासारखे नव्हते. क्लेव्हे लहान माणूस नव्हते. होल्मियम आणि थुलियम ही दोन मूलद्रव्ये त्यांनी शोधली होती. शिष्याने आपल्या नव्या सिद्धांताविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी दोन शब्दांत बोळवण केली, असा किस्सा आहे. त्यांची अडचण मात्र समजण्यासारखी होती. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन हा विषारी वायू. हे दोघे मिठाच्या पाण्यात मोकळे फिरतात आणि कोणाला काही होत नाही? विद्युतभार असलेला कण आणि विद्युतभार नसलेला अणू यांच्या वागण्यात जमीनअस्मानाचा फरक असतो, हे तेव्हा सहज पटणारे नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोधच अजून लागायचा होता. परीक्षकांनी प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली. विद्यापीठात शिकवण्याची वाट जवळजवळ बंद झाली.

अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी शास्त्रज्ञांना धाडल्या. रिगाचे विल्हेल्म ओस्टवाल्ड तर त्याच उन्हाळ्यात स्वतः उप्सालाला येऊन थडकले आणि त्यांनी नोकरी देऊ केली. बाहेरच्या मोठ्या माणसाने एवढी दखल घेतल्यावर उप्सालालाही अध्यापनाची जागा द्यावी लागली. वडील आजारी असल्याने अऱ्हेनियस तेव्हा गेले नाहीत. पुढच्या वर्षी वडील वारले. १८८६ पासून प्रवासवृत्तीवर ते रिगा, व्युर्झबर्ग, ग्रात्स, ॲम्स्टरडॅम असे फिरले. ॲम्स्टरडॅमला होते व्हांट हॉफ. त्यांच्या परासरण दाबाच्या सूत्रात साखर नीट बसे, पण मीठ जवळपास दुप्पट दाब देई, आणि हा जादा आकडा कुठून येतो ते त्यांना उमगत नव्हते. उत्तर अऱ्हेनियस यांच्याकडे होते. आपल्या त्या दोन बाटल्यांचे कोडे हेच.

१८८९ मध्ये त्यांनी आणखी एका प्रश्नाला हात घातला, आणि मला तरी त्यांचे हे काम सर्वांत देखणे वाटते. तापमान ३० अंशांवरून ४० वर गेले, तर रेणूंची सरासरी ऊर्जा जेमतेम ३ टक्क्यांनी वाढते. पण अनेक अभिक्रियांचा वेग दुप्पट होतो. आम्लाने उसाच्या साखरेचे विघटन होते तिथे तर तो तिप्पट-चौपट होतो. अऱ्हेनियस म्हणाले, अभिक्रिया सरासरी रेणू करतच नाही. वाटेत ऊर्जेचा एक उंबरठा असतो, तो ओलांडणारे मोजकेच रेणू कामी येतात, आणि थोड्या उष्णतेने या मोजक्यांची संख्या झपाट्याने वाढते. बारावीच्या पुस्तकातली सक्रियण ऊर्जा ती हीच. उन्हाळ्यात बाहेर राहिलेले दूध नासते आणि लस शीतपेटीतून न्यावी लागते, त्यामागेही मुख्यतः हाच उंबरठा आहे.

१८९६ मध्ये, पहिला संसार मोडत असतानाच, त्यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचे किचकट गणित हाताने सोडवले. उत्तर आले ५ ते ६ अंश. थंड देशातल्या या माणसाला ती धास्तीची गोष्ट वाटली नाही.

१९०३ मध्ये नोबेल मिळाले. ते भौतिकीचे द्यावे की रसायनाचे, यावरही खल झाला. शेवटी रसायनाचे ठरले. रसायनाच्या नोबेल समितीच्या अध्यक्षपदी तेव्हा क्लेव्हेच होते. खालची श्रेणी देणाऱ्या विद्यापीठातल्या गुरूने जगातला सर्वोच्च मान देण्याला हातभार लावला, ही गोष्ट नेहमी आनंदाने सांगितली जाते. पुढची फारशी सांगत नाहीत.

आता अऱ्हेनियस विज्ञान अकादमीतले वजनदार सदस्य होते. १९०६ मध्ये रसायन समितीच्या बहुमताने मेंडेलीव्ह यांची शिफारस केली. अऱ्हेनियस त्या समितीवर नव्हते, तरी त्यांनी विरोध लावून धरला. आवर्त सारणी आता जुनी झाली, हा युक्तिवाद. मेंडेलीव्ह हे आयनांच्या सिद्धांताचे कडवे टीकाकार होते, तो राग यामागे होता, असे अनेक इतिहासकार मानतात. पारितोषिक फ्रान्सच्या म्वासाँ यांना गेले. मेंडेलीव्ह फेब्रुवारी १९०७ मध्ये वारले. जुने मित्र नेर्न्स्ट यांच्याशीही बिनसले होते. त्यांचे नोबेल वर्षानुवर्षे अडून राहिले आणि १९२० चे म्हणून १९२१ मध्ये एकदाचे मिळाले.

सिद्धांतालाही मुरड पडली. मिठासारखे क्षार पाण्यात अंशतः नव्हे, जवळपास पूर्णच विभागलेले असतात. त्यांच्या स्फटिकातही आयनच असतात. आयन एकमेकांना ओढतात म्हणून मोजमाप कमी येते, हे डेबाय आणि ह्युकेल यांनी १९२३ मध्ये दाखवले. व्हिनेगरसारख्या दुर्बल आम्लांना मात्र अऱ्हेनियस यांचे गणित जसेच्या तसे लागू पडते, आणि प्रयोगवहीत ते आजही वापरले जाते.

२ ऑक्टोबर १९२७ रोजी ते स्टॉकहोमला वारले. दफन उप्सालाला झाले.