हिमनदीचे घड्याळ वाचणारा माणूस

स्वित्झर्लंडमधील बर्नच्या पर्वतराजीत उंटरआर नावाची हिमनदी आहे. १८२७ साली फ्रान्झ योझेफ हुगी या स्विस निसर्ग अभ्यासकाने तिच्या पाठीवर दगडांची एक झोपडी उभारली होती. चौदा वर्षांनी, १८४१ साली, अंतर मोजले तेव्हा ती मूळ जागेपासून सुमारे १,४०० मीटर खाली सरकलेली आढळली. झोपडीला कोणी हात लावला नव्हता. तिच्याखालचा बर्फच दिवसाला जेमतेम एक फूट या संथ गतीने दरीकडे वाहत होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या या वाहण्यातून पृथ्वीचा एक विसरलेला कालखंड उलगडता येईल, हे ज्यांनी जगाला पटवून दिले ते लुई अगासी त्या काळात याच हिमनदीवर मुक्काम ठोकून होते.

अगासींचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधील मोतिये या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. शिक्षण वैद्यकाचे झाले, पण ओढा होता तो माशांकडे. पॅरिसमध्ये थोर शरीररचनाशास्त्रज्ञ कुव्हिए यांनी या तरुणाची योग्यता ओळखली आणि जीवाश्म माशांविषयीची आपली टिपणे त्याच्या हवाली केली. १८३२ साली अगासी नोशातेल येथे प्राध्यापक झाले. जीवाश्म माशांवरील त्यांच्या ग्रंथमालेने तिशीच्या आतच त्यांचे नाव युरोपभर पोहोचवले.

नोशातेलमागील ज्युरा डोंगर चुनखडकाचे आहेत. त्यांच्या उतारांवर मात्र ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे विखुरलेले दिसतात. असा ग्रॅनाइट शंभराहून अधिक किलोमीटर दूर, माँ ब्लांच्या परिसरात सापडतो. मग हे धोंडे येथे आले कसे? महापुराने वाहून आणले, असे बहुतेक विद्वान मानत. आल्प्सच्या रहिवाशांना मात्र वेगळेच उत्तर ठाऊक होते. झाँ-पिएर पेरोदँ या पहाडी शिकाऱ्याने खडकांवरचे ओरखडे पाहून, या दऱ्या एके काळी बर्फाने भरलेल्या होत्या, असे सांगितले होते. इग्नात्झ व्हेनेट्झ या अभियंत्याला ते पटले. व्हेनेट्झने खाणअधिकारी शार्पांत्ये यांना पटवले. १८३६ च्या उन्हाळ्यात अगासी शार्पांत्ये यांच्याकडे राहायला गेले, ते त्यांचे म्हणणे खोडून काढावे या इराद्याने. परतले ते त्यांचे अनुयायी होऊन.

२४ जुलै १८३७ रोजी नोशातेलमध्ये स्विस निसर्गविज्ञान संस्थेचे अधिवेशन भरले. तरुण अध्यक्ष माशांविषयी बोलतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. अगासी बोलले ते बर्फाविषयी. उत्तर ध्रुवापासून भूमध्य समुद्रापर्यंत एके काळी बर्फाची चादर पसरली होती, हे त्यांचे प्रतिपादन ऐकून सभागृहात खळबळ उडाली. त्यांचे हितचिंतक हुम्बोल्ट यांनी तर, बर्फ सोडून माशांकडे परत वळा, असा सल्ला दिला. हिमयुग हा शब्द अगासींचे मित्र कार्ल शिम्पर यांनी घडवला होता. १८४० साली अगासींचा हिमनद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो व्हेनेट्झ आणि शार्पांत्ये यांना अर्पण केलेला असला, तरी शार्पांत्ये यांच्या ग्रंथाच्या काही महिने आधी आल्याने ते दुखावले. श्रेयाच्या वाटणीवरून शिम्परही दुरावले. एका शिकाऱ्याच्या निरीक्षणापासून सुरू झालेली ही साखळी जगाने अगासींच्या एकट्याच्या नावावर जमा केली.

परंतु त्या नावामागे कष्ट होते, हेही नाकारता येत नाही. १८४० च्या उन्हाळ्यात त्यांनी उंटरआरवरील एका अजस्र धोंड्याच्या आडोशाला तळ ठोकला. सहकाऱ्यांनी त्या निवाऱ्याला गमतीने नोशातेलवासीयांचे हॉटेल असे नाव दिले. बर्फात भोके पाडून आतील तापमान नोंदले गेले. हिमनदीच्या रुंदीभर ओळीने खांब रोवले गेले. काही काळाने ती सरळ ओळ वाकली. मधले खांब पुढे गेले, काठाचे मागे राहिले. बर्फाच्या अंतरंगाची रचना पाहण्यासाठी अगासी स्वतः दोरीला बांधून घेऊन एका खोल विवरात उतरले. तळाच्या गोठवणाऱ्या पाण्यात पाय बुडाले, तेव्हा वरच्यांना इशारा नीट कळला नाही आणि ते जिवानिशी थोडक्यात वाचले. १८४२ साली योहानेस विल्ड यांनी या हिमनदीचा तपशीलवार नकाशा तयार केला. बर्फ तेव्हा कोठवर होता, हे सांगणारा तो भक्कम पुरावा ठरला.

१८४० मध्येच अगासी स्कॉटलंडला गेले. तेथे ग्लेन रॉय या दरीच्या दोन्ही बाजूंना डोंगरांवर समांतर आडव्या रेघा आहेत. त्या प्राचीन समुद्रकिनाऱ्याच्या खुणा आहेत, असे स्पष्टीकरण चार्ल्स डार्विन यांनी वर्षभरापूर्वी दिले होते. हिमनदीने दरीचे तोंड अडवले, आत सरोवर साचले आणि या रेघा म्हणजे त्याचेच काठ होत, असे अगासींनी दाखवून दिले. डार्विन यांना ते पचायला वीस वर्षे लागली. पण अखेर त्यांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली.

अगासींना मात्र असा मोकळेपणा साधला नाही. १८४६ साली ते अमेरिकेला गेले. दुसऱ्याच वर्षी हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि १८५९ साली त्यांनी तेथे प्राणिशास्त्राचे मोठे संग्रहालय उभारले. त्याच वर्षी डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ आला. अगासींनी त्याला अखेरपर्यंत विरोध केला. त्यांच्या दृष्टीने हिमयुग हा निर्मात्याने उभा केलेला पडदा होता. बर्फाने जुनी जीवसृष्टी पुसली आणि नंतर नवी घडवली गेली. दोहोंमध्ये वंशाचे नाते नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. वर्षाला शंभर मीटर सरकणारा बर्फ डोंगर कोरतो, हे ज्यांनी मोजले, त्यांना काळाची तीच संथ गती सजीवांनाही घडवत असेल हे मानवले नाही. १८६५ मध्ये ते ब्राझीलला गेले, तेही ॲमेझॉनच्या खोऱ्यात हिमनद्यांच्या खुणा सापडतील आणि डार्विन खोटे ठरतील, या आशेने. सापडल्या म्हणून त्यांनी जाहीरही केले. तो दावा टिकला नाही.

याच हट्टाची एक काळी बाजू आहे. मानववंश वेगवेगळे निर्माण झाले आणि ते समान नाहीत, हे मत त्यांनी आपल्या विद्वत्तेचे वजन खर्चून मांडले. १८५० साली दक्षिण कॅरोलिनात त्यांनी गुलामगिरीत असलेल्या सात स्त्री-पुरुषांची विवस्त्र छायाचित्रे पुरावा म्हणून काढवून घेतली. ती १९७६ मध्ये हार्वर्डच्या एका संग्रहालयाच्या माळ्यावर सापडली. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०२५ साली विद्यापीठाने त्यांच्यावरील ताबा सोडण्याचे मान्य केले. नोशातेलनेही २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठ परिसरातील चौकाचे अगासी हे नाव बदलण्याचा निर्णय घेतला. तेथे आता टिलो फ्राय यांचे नाव आहे. १९७१ साली स्वित्झर्लंडच्या संसदेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत.

१४ डिसेंबर १८७३ रोजी अगासींचे केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे निधन झाले. माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांच्या समाधीवर कोरीव संगमरवर नाही. उंटरआर हिमनदीच्या पाठीवरून आणलेला एक ओबडधोबड धोंडा तेथे ठेवला आहे. ज्युराच्या उतारावर बर्फाने आणून टाकलेल्या धोंड्यांनी त्यांना आयुष्याचा विषय दिला. हा धोंडा मात्र माणसांनी, जहाजावर चढवून, समुद्रापार नेला.

ज्या हिमनदीवरून तो उचलला, ती तेव्हापासून सतत मागे हटत आहे. २०२२ आणि २०२३ या अवघ्या दोन वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी आपल्या एकूण बर्फापैकी सुमारे दहा टक्के बर्फ गमावला. अगासींच्या श्रोत्यांना, बर्फ एके काळी दरीबाहेर पसरला होता, ही कल्पनाच अशक्य वाटली होती, कारण डोंगर आणि बर्फ त्यांना अचल वाटत. आज आल्प्समधील वृद्ध रहिवाशाला आपल्या बालपणीच्या बर्फाची सीमा बोटाने दाखवता येते, आणि ती आता उघड्या खडकावर असते. हजारो वर्षांच्या हिशेबात चालणारे घड्याळ एका आयुष्यात मावू लागले आहे. त्याचा वेग किती वाढला हे ठरवताना संशोधक जुन्या नोंदींकडे वळतात, आणि त्यांत उंटरआरवरचा १८४२ चा नकाशा असतो. अगासींची वंशाविषयीची मते आणि निर्मितीचे सिद्धान्त काळाने बाजूला सारले. बर्फात खांब रोवून घेतलेली मापे उपयोगी पडत आहेत.