दम्याने घडवलेला छोटा कॅमेरा

जुन्या बाजारात मिळालेली ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवून छायाचित्रे काढणारे हौशी लोक जगभर आहेत. मधे लागते ती फक्त धातूची एक कडी. तिला अडॅप्टर म्हणतात. इतकी जुनी लेन्स आजही चालते, याचे श्रेय बऱ्याच अंशी ऑस्कर बार्नाक या जर्मन कारागिराला जाते. त्यांच्या कामाची सुरुवात झाली ती त्यांच्या आजारपणातून.

बार्नाक यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी ब्रांडेनबुर्ग प्रांतातील लिनो या खेड्यात झाला. बर्लिनजवळ खगोलशास्त्रीय उपकरणे बनवणाऱ्या एका कारागिराकडे त्यांनी यंत्रकामाचे धडे घेतले. पुढे येना शहरातील त्सैस या प्रसिद्ध भिंग कारखान्यात ते कामाला लागले. डोंगरात भटकणे आणि छायाचित्रे काढणे हे त्यांचे दोन छंद होते, पण त्यांना दमा होता.

दम्यात फुप्फुसांकडे जाणाऱ्या बारीक श्वासनलिका आकुंचन पावतात, त्यांच्या अस्तराला सूज येते आणि चिकट स्राव साचतो. थंड हवा आणि श्रम यांनी त्रास वाढतो. धोत्र्याच्या पानांचा धूर ओढणे हा त्या काळी सर्रास केला जाणारा उपाय होता. सूज आटोक्यात ठेवणारी स्टेरॉइडची इनहेलर १९७० च्या दशकात आली. बार्नाक यांच्या काळी दमेकऱ्याला श्रम कमी करावे आणि ओझे टाळावे लागे.

छायाचित्रणात मात्र ओझे टळत नव्हते. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेट, त्या धरणाऱ्या लाकडी चौकटी, मोठा कॅमेरा आणि तिवई एवढे सगळे घेऊन थुरिंगियाच्या जंगलातले चढ चढावे लागत. १९०५ च्या सुमारास बार्नाक यांनी एकाच प्लेटवर पंधरा-वीस छोटी चित्रे घेऊन पाहिली. ती मोठी केल्यावर प्लेटच्या रसायनाचे दाणे उठून दिसले आणि प्रयोग फसला. तरी चित्र लहान घ्यायचे आणि छापताना मोठे करायचे, ही कल्पना त्यांच्या डोक्यातून गेली नाही.

१९११ च्या जानेवारीत ते वेट्झलारच्या लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात रुजू झाले. त्सैसमधले जुने सहकारी एमिल मेखाऊ आधीच तिथे होते आणि त्यांनीच बार्नाक यांचे नाव सुचवले होते. सततच्या आजारपणात नव्या जागी निभाव लागेल का, ही शंका बार्नाक यांना होती. कारखान्याने मात्र त्यांच्यावर प्रयोगशाळेची जबाबदारी टाकली.

तिथे त्यांच्या हाती सिनेमाची ३५ मिलीमीटरची फिल्म आली. तिचे दाणे जुन्या प्लेटपेक्षा बारीक होते. सिनेमाचे एक चित्र १८ बाय २४ मिलीमीटरचे असे. बार्नाक यांनी फिल्म आडवी सरकवली आणि दोन चित्रांची जागा एकाला दिली. त्यातून २४ बाय ३६ मिलीमीटर हे माप आले. आजच्या ‘फुल फ्रेम’ डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदकाचे मापही हेच आहे. १९१४ मध्ये खिशात मावणारा धातूचा पहिला नमुना तयार झाला आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. उत्पादनाचा निर्णय दहा वर्षे लांबला. १९२४ मध्ये कारखान्याचे मालक एर्न्स्ट लाइट्झ दुसरे यांनी धोका पत्करायचे ठरवले. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांपुढे आला. त्याची ५० मिलीमीटरची लेन्स माक्स बेरेक यांनी आखली होती.

त्या कॅमेऱ्याची लेन्स काढता येत नसे. १९३० मध्ये ३९ मिलीमीटर व्यासाच्या आट्यांवर फिरवून बसवायच्या लेन्स आल्या. सुरुवातीला प्रत्येक लेन्स एका ठरावीक कॅमेऱ्याशी कारखान्यात जुळवून द्यावी लागे, कारण लेन्सची बैठक आणि फिल्म यांच्यातले अंतर मिलीमीटरच्या दहाव्या भागाने चुकले तरी चित्र धूसर होते. १९३१ मध्ये हे अंतर सर्व कॅमेऱ्यांसाठी २८.८ मिलीमीटर असे पक्के करण्यात आले. त्यानंतर कोणतीही लेन्स कोणत्याही लायकावर चालू लागली. इतर अनेक कारखान्यांनीही याच मापाच्या लेन्स बनवल्या.

आजच्या अडॅप्टरचे गणित याच आकड्यावर चालते. आरसा नसलेल्या सोनी कॅमेऱ्यात बैठक ते संवेदक हे अंतर १८ मिलीमीटर असते, म्हणून १०.८ मिलीमीटर जाडीची कडी पुरते. निकॉन झेडमध्ये ते १६ आहे, तिथे १२.८ ची कडी लागते. आरसा असलेल्या जुन्या निकॉनमध्ये मात्र हे अंतर ४६.५ मिलीमीटर आहे. लेन्स संवेदकापासून फार लांब राहते आणि दूरचे दृश्य स्पष्ट होत नाही. आरसा नसलेले कॅमेरे आल्यावर जुन्या लेन्सना पुन्हा मागणी आली, ती यामुळे.

अशा लेन्सवर फोकस आणि छिद्र हातानेच जुळवावे लागते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दृश्य मोठे करून पाहता येत असल्याने ते जमते. काही मर्यादाही आहेत. जुन्या रुंद कोनाच्या लेन्समधून कडेचा प्रकाश तिरपा येतो. फिल्मला तो चाले, पण संवेदकावरच्या काचेमुळे कोपरे पुसट होऊ शकतात. आत ढकलून बंद होणारी लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर पूर्ण आत ढकलू नये, तिचे मागचे टोक आतल्या भागांवर आदळू शकते.

बार्नाक १६ जानेवारी १९३६ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी वारले. १९५४ मध्ये लायकाने आटे सोडून नवी बैठक आणली, तेव्हा तिचे अंतर २७.८ मिलीमीटर ठेवले. बरोबर एक मिलीमीटर कमी, म्हणजे तेवढ्या जाडीच्या कडीवर जुन्या लेन्स बसाव्यात. बार्नाक यांच्या हयातीत विकल्या गेलेल्या लेन्स ग्राहकांना टाकून द्याव्या लागल्या नाहीत. त्यातल्या काही आजही छायाचित्रे काढत आहेत.